दुहेरी ल्यूज: खाली झोपलेला खेळाडू नेमके काय करतो?

रावपुऱ्याची_सून
१८ जानेवारी २०२६, रात्री ९.४०

नमस्कार. प्रश्न खेळाविषयी असला तरी त्याचे मूळ आमच्या घरातल्या एका वादात आहे, त्यामुळे थोडी पार्श्वभूमी सांगावी लागेल. वासी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या, रात्री, दिवसभर अगाशीवर (गच्चीवर) उन्हात उभे राहून सगळे दमलेले होते, बोटांना मांज्याचे चरे पडले होते, आणि उरलेले उंधियू गरम होईपर्यंत काहीतरी बघावे म्हणून माझ्या मुलाने हिवाळी ऑलिम्पिकची एक जुनी शर्यत लावली. येत्या ६ फेब्रुवारीपासून इटलीत मिलान आणि कोर्तिना येथे नव्या स्पर्धा सुरू होत आहेत, त्यांची ही त्याची पूर्वतयारी. शर्यत २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमधली, दुहेरी ल्यूजची होती. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: बर्फाने मढवलेल्या, वळणावळणांच्या पन्हळीतून एका छोट्या स्लेडवर दोन माणसे पाठीवर पडून, पाय पुढे करून, ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतात. ही दोन माणसे शेजारी-शेजारी नसतात. एक खाली असतो आणि दुसरा त्याच्या अंगावर रेललेला असतो. पडद्यावर दिसतो तो वरचा. खालच्याचे हेल्मेट आणि खांद्याचा थोडा भाग, एवढेच काय ते नजरेस पडते.

टोबियास वेंडल आणि टोबियास आर्ल्ट ही जर्मन जोडी जिंकली. दोघांच्याही गळ्यात सुवर्णपदके पडली तेव्हा नाना, म्हणजे माझे सासरे, एकदम म्हणाले, "वरच्याचं ठीक आहे, तो गाडी हाकतो. खालचा म्हणजे वाळूचं पोतं. पोत्याला पदक कशाला?" मुलाने विरोध केला, पण त्याच्याजवळ बचावाचे मुद्दे नव्हते, नुसता आवाज होता. मलाही नानांचे म्हणणे हसण्यावारी नेता आले नाही, कारण तो खालचा खेळाडू हललेला मला एकदाही दिसला नाही.

खालच्याला समोरचे काही दिसते का? दिसत नसेल, तर तो स्लेड वळवण्यात भाग कसा घेतो? आणि त्याचे काम खरोखर वजनापुरतेच असेल, तर एकट्याने शिशाची पिशवी बांधून उतरायला काय हरकत आहे? या तीन शंका एकत्रच सोडवाव्यात अशी जाणकारांना विनंती आहे. नाना रोज सकाळी चहाबरोबर "उत्तर आलं का?" असे विचारतात.


कारेलीबाग_ते_डॉर्टमुंड
१८ जानेवारी २०२६, रात्री ११.१५

ताई, मी नोकरीनिमित्त नऊ वर्षे जर्मनीत डॉर्टमुंडला काढली. तिथून विंटरबर्गचा ट्रॅक दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे, आणि ल्यूजच्या विश्वचषकाच्या शर्यती तिथे भरतात. आपल्याकडे वडोदऱ्यात कामाटीबागेत सहज फेरी मारायला जावे तसे तिथले लोक थर्मासमध्ये चहा भरून, मुलांना घेऊन ट्रॅकच्या कडेला उभे राहायला येतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझे मतही थेट आपल्या सासऱ्यांसारखेच होते, म्हणून त्यांना माझा सविनय नमस्कार सांगा.

मत बदलले ते प्रारंभाच्या जागेपाशी उभे राहिल्यावर. तिथे ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना दोन दांडे पक्के बसवलेले असतात. एकेरीतला खेळाडू ते धरून स्लेड पुढे-मागे झुलवतो आणि सगळी ताकद लावून स्वतःला पुढे फेकतो. दुहेरीत हे दांडे वरच्याच्या हातात असतात, पण खालचा स्वस्थ बसलेला नसतो: वरच्याच्या हातांशी जोडलेले पट्टे त्याने मुठीत धरलेले असतात, आणि वरचा ज्या क्षणी दांड्यांना हिसका देतो त्याच क्षणी खालचा ते पट्टे खेचतो. म्हणजे पहिला धक्का चार हातांचा असतो. दोघांच्या हिसक्यात किंचितही मागे-पुढे झाले, तर एकाची ताकद दुसऱ्याला अडवण्यात जाते. त्यानंतर हातमोज्यांच्या बोटांवर बसवलेल्या बारीक खिळ्यांनी बर्फाला ओढ देत वेग वाढवायचा आणि मग आडवे व्हायचे. हे आडवे होणे जवळून पाहण्यासारखे असते. घडीची खुर्ची मिटावी तसे दोघे एकाच हालचालीत मागे पडतात. आधी कोण आणि मागून कोण, हे डोळ्यांना कळत नाही. इंजिन नसलेल्या या खेळात वेग स्वतःच्या बळाने वाढवण्याची संधी एवढीच. पुढचे सगळे उतारावर सोपवायचे आणि मिळालेला वेग वाया जाणार नाही, हे सांभाळायचे. त्यामुळे प्रारंभी कमावलेला किंवा गमावलेला सेकंदाचा अंश खालपर्यंत सोबत येतो, बहुधा वाढूनच.

आता वळवण्याविषयी. या स्लेडला सुकाणू नाही, चाक नाही आणि ब्रेकही नाही. खाली दोन रनर असतात. त्यांची पुढची टोके वर वळलेली असतात आणि बर्फाला टेकणाऱ्या कडेला पोलादी पाते असते. वरच्याचे पाय या वळलेल्या टोकांना टेकलेले असतात आणि तो पोटऱ्यांनी त्यांना आतल्या बाजूस दाबतो: उजवीकडचा रनर दाबला की स्लेड डावीकडे वळते. पण वळणाला फक्त पुढचा दाब पुरत नाही, मागच्या बाजूचा भारही सरकावा लागतो, आणि मागे असतात ते खालच्याचे खांदे. वरचा पोटरी दाबतो तेव्हा खालच्याने त्याच क्षणी योग्य खांदा स्लेडमध्ये रुतवायचा असतो. ही हालचाल इंचाचीही नसते, म्हणून ती आपल्याला दिसली नाही. दिसण्याइतकी मोठी झाली असती, तर ती जोडी पदकापर्यंत पोहोचलीच नसती.

खालच्याला समोरचे जवळजवळ काही दिसत नाही, हा आपला अंदाज बरोबर आहे. तो ट्रॅक पाठ करतो. शर्यतीपूर्वी खेळाडू ट्रॅकच्या कडेने चालत जाऊन प्रत्येक वळण पाहतात. मी विंटरबर्गला एका जोडीला आपली पाळी येण्याआधी डोळे मिटून उभे असलेले पाहिले आहे. दोघांचेही तळहात हवेत हळूहळू डावीकडे-उजवीकडे कलत होते, ओठ अगदी बारीक हलत होते, आणि मध्येच दोघांनी एकदम मान किंचित मागे टाकली. मला वाटले प्रार्थना चालली आहे. शेजारच्या आजोबांनी सांगितले की ते मनातल्या मनात खाली उतरत आहेत. प्रत्यक्ष घसरताना खालच्याचे डोळे म्हणजे त्याची पाठ: कोणत्या बाजूला किती दाब आला, तो कधी वाढला आणि कधी ओसरला, यावरून आपण कुठल्या वळणात आहोत हे त्याला कळते. एकमेकांना ओरडून सांगण्याइतका वेळ नसतोच. ट्रॅकच्या कडेला उभे राहिले की आधी घरघर ऐकू येते, मग पत्रा फरशीवरून ओढल्यासारखा आवाज वाढत जातो आणि मान वळवेपर्यंत जोडी पुढच्या वळणात गेलेली असते. दूरचित्रवाणीवर कॅमेरा सोबत फिरत असल्यामुळे हा वेग निम्मादेखील जाणवत नाही.


फतेगंजचे_मास्तर
१९ जानेवारी २०२६, सकाळी ७.०५

वरील उत्तर उत्तम आहे. मी बर्फावर कधी पाय ठेवलेला नाही, परंतु पदार्थविज्ञान शिकवण्यात उभे आयुष्य गेले असल्याने नानांची बाजू थोडी मांडावीशी वाटते, कारण वाळूच्या पोत्याविषयी ते अर्धे बरोबर आहेत.

शाळेत आपण शिकवतो की जड आणि हलकी वस्तू एकाच वेगाने पडते. उतारावरून घसरणाऱ्या स्लेडलाही हेच लागू झाले असते, जर हवा नसती. बर्फाचे घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे घर्षणाच्या हिशेबात जड असण्याचा ना फायदा ना तोटा. हवेचे मात्र तसे नाही. हवेचा विरोध समोरून दिसणाऱ्या आकारावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो, आणि हा विरोध आत बसलेल्याचे वजन विचारत नाही. तोच विरोध अधिक वजनाच्या गाडीला कमी मंदावतो. समजा, एकेरीचा खेळाडू आणि स्लेड मिळून ११० किलो होतात आणि दुहेरीची जोडी स्लेडसह २०० किलोच्या जवळ जाते. दोघे एकमेकांवर झोपल्यामुळे समोरून दिसणारा आकार थोडा वाढतो, दुप्पट होत नाही, परंतु वजन मात्र जवळजवळ दुप्पट होते. या व्यवहारात खालचा माणूस पोते म्हणूनही आपली किंमत वसूल करतो. एकावर एक झोपण्यामागचे एक मोठे कारण हेच आहे. शेजारी-शेजारी झोपले असते तर हवेने दोघांचे वेगवेगळे भाडे घेतले असते.

मग शिशाची पिशवी का चालत नाही? शिसे चालते, पण मर्यादेत. हलक्या खेळाडूंना अंगावर ठरावीक जादा वजन बाळगण्याची नियमांनी मुभा आहे, आणि स्लेडच्या वजनावरही बंधन आहे. वजनच सर्व काही असते, तर सर्वांत जड जोडी दर वेळी जिंकली असती आणि शर्यतीऐवजी तराजू लावून पदके वाटता आली असती. तसे होत नाही, कारण वळणात जडपणा उलटतो. वळणावर खेळाडूंना स्वतःच्या वजनाच्या चार-पाचपट दाब सहन करावा लागतो. त्या दाबाखाली दोनशे किलोंचे ओझे योग्य रेषेत ठेवायचे असते. शिसे त्या वेळी जिथे बांधले आहे तिथेच राहते, त्याला खांदा नसतो. रेषा चुकली की स्लेड आडवी घासते किंवा भिंतीला लागते, आणि हवेकडून वाचवलेले सगळे बर्फाला परत द्यावे लागते.

एक तपशील जाता-जाता. दुहेरीची शर्यत बहुतेक ट्रॅकवर पुरुष एकेरीपेक्षा खालच्या जागेवरून सुरू होते, त्यामुळे दोन्ही प्रकारांच्या वेळा समोरासमोर ठेवून कोण वेगवान, असे ठरवू नये. ऑलिम्पिकमध्ये एकेरीच्या चार फेऱ्या दोन दिवसांत होतात, तर दुहेरीच्या केवळ दोन आणि त्याही एकाच दिवशी. म्हणजे चूक भरून काढायला जागा निम्मीच.


मकरपुरा_दुसरी_पाळी
१९ जानेवारी २०२६, दुपारी १.३०

एवढे शास्त्र कशाला? नानांना स्कूटरवर मागे बसवा आणि मांडवीच्या गर्दीत वळताना उलट्या बाजूला झुकायला सांगा. मागचा माणूस पोते आहे की नाही, हे पुढच्याला पहिल्याच वळणावर कळेल.

दुसरे असे की, नाना अजून पतंग उडवतात असे दिसते. मग त्यांची फिरकी कोण धरते, हे विचारा.


रावपुऱ्याची_सून
१९ जानेवारी २०२६, रात्री १०.२०

सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही उत्तरे मी जेवणाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवली. मास्तरांच्या "अर्धे बरोबर आहेत" या वाक्यावर नानांनी मुलाकडे असे पाहिले की जणू त्यांचेच पदक झाले.

फिरकीच्या प्रश्नाने मात्र पंचाईत झाली. नानांची फिरकी गेली एक्कावन्न वर्षे माई धरतात, म्हणजे माझ्या सासूबाई. त्या तोपर्यंत काहीच बोलल्या नव्हत्या. हातातली पोळी ताटात ठेवून त्या म्हणाल्या, "मी पतंगाकडे बघतच नाही. दोरा बोटातून कसा जातो त्यावर मला कळतं, ढील हवी का गुंडाळायचं. परवा समोरच्या अगाशीशी पेच लागला तेव्हा तुम्ही ढील म्हणायच्या आधी मी फिरकी सैल केली होती. काप्यो छे ओरडलात तुम्ही." त्यावर नाना बराच वेळ कोशिंबीर खात राहिले. कारेलीबागकरांनी लिहिलेले पाठीने पाहणे मला त्या क्षणी नीट समजले, हे सांगायलाच हवे.

मात्र नाना हार मानणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी आघाडी बदलली आहे. बीजिंगच्या त्या शर्यतीत दोन फेऱ्या मिळून पहिल्या आणि दुसऱ्या जोडीत एक दशांश सेकंदाहूनही कमी अंतर होते. नानांचे म्हणणे असे की एवढ्याशा फरकात कौशल्य नसून नशीब असते, आणि हजारांश सेकंद मोजणे म्हणजे घड्याळजीचा खेळ झाला. मुलाला हवी असलेली माहिती वेगळी आहे: एकच जोडी पुनःपुन्हा जिंकते का? आणि मला स्वतःला विचारायचे आहे की यात स्त्रिया नाहीत का?


कारेलीबाग_ते_डॉर्टमुंड
२० जानेवारी २०२६, रात्री १२.१०

माईंना माझा साष्टांग नमस्कार. चार परिच्छेद लिहून मला जे सांगता आले नाही, ते त्यांनी दोऱ्यावरून सांगितले.

नशिबाचा मुद्दा आपल्या मुलाच्या प्रश्नानेच निकालात निघतो. वेंडल आणि आर्ल्ट यांनी दुहेरीचे ऑलिम्पिक सुवर्ण २०१४, २०१८ आणि २०२२ असे सलग तीनदा जिंकले आहे. तिन्ही वेळी सांघिक रिलेचे (एकाच देशाच्या स्लेड एकामागून एक उतरतात त्या शर्यतीचे) सुवर्णही त्यांच्या संघाने घेतले, म्हणजे प्रत्येकी सहा सुवर्णपदके. त्यांच्या आधीची दोन, २००६ आणि २०१० ची, ऑस्ट्रियाच्या आंद्रेआस आणि वोल्फगांग लिंगर या भावांकडे गेली होती, आणि २०१४ ला ते दुसरे आले. त्याआधी जर्मनीचेच स्टेफान क्राउसे आणि यान बेहरेंट हे १९८८ पासून १९९८ पर्यंतच्या चारही ऑलिम्पिकमध्ये पदकांवर होते, त्यांपैकी १९९२ आणि १९९८ ला सुवर्ण. नशीब इतक्या निष्ठेने कुणाच्या घरी मुक्कामाला राहत नाही.

भावांची जोडी या खेळात वरचेवर दिसते. लॅटव्हियाचे आंद्रिस आणि युरिस शिक्स हे आणखी एक उदाहरण: २०१० ला रौप्य, २०१४ ला कांस्य. लहानपणापासून एकत्र घसरलेल्यांना एकमेकांच्या अंगाची भाषा येत असणार. पण मला जास्त आवडतो तो १९९४ चा लिलेहामरचा निकाल. इटलीच्या दोन जोड्या पहिल्या आणि दुसऱ्या आल्या. सुवर्ण जोडीत विल्फ्रिड हुबर होता आणि रौप्य जोडीत त्याचा सख्खा भाऊ नॉर्बर्ट. दोघांनी भावापेक्षा वेगळा साथीदार निवडला आणि एकमेकांशीच लढले. त्यांच्या घरी त्या रात्री जेवताना काय संवाद झाला असेल, याची कल्पना रावपुऱ्यातील मंडळींना करता येईल.


फतेगंजचे_मास्तर
२० जानेवारी २०२६, सकाळी ६.५०

घड्याळजीचा खेळ या आरोपाला उत्तर देणे मला भाग आहे, कारण हजारांश सेकंदाचा या खेळाशी असलेला संबंध दुहेरीशीच निगडित आहे.

ल्यूज ऑलिम्पिकमध्ये आले १९६४ साली, इन्सब्रुकला. दुहेरीचा समावेश त्या पहिल्याच वेळी होता. १९७२ साली जपानमधील साप्पोरो येथे दुहेरीच्या पहिल्या फेरीत प्रारंभाच्या फाटकात बिघाड झाल्याने त्या फेरीचे निकाल रद्द करण्यात आले. त्या रद्द फेरीत इटलीचे पाउल हिल्डगार्टनर आणि वाल्टर प्लायक्नर आघाडीवर होते, त्यामुळे त्यांच्या बाजूने निषेध झाला, पण तो मान्य झाला नाही. फेरी पुन्हा घेतली आणि शेवटी त्यांची व पूर्व जर्मनीच्या होर्स्ट ह्योर्नलाइन आणि राइनहार्ड ब्रेडो यांची एकूण वेळ शंभरांश सेकंदापर्यंत तंतोतंत सारखी भरली: १ मिनिट २८.३५ सेकंद. सुवर्णपदक दोन्ही जोड्यांना विभागून द्यावे लागले. त्यानंतर हा खेळ हजारांश सेकंदापर्यंत मोजला जाऊ लागला.

आता नानांसाठी हिशेब. ताशी १२५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३५ मीटर. शंभरांश सेकंदात स्लेड ३५ सेंटिमीटर जाते, म्हणजे जवळजवळ हातभर. हातभर अंतर उघड्या डोळ्यांना दिसते, ते मोजायचे नाही म्हणणे अन्याय होईल. हजारांशात ती साडेतीन सेंटिमीटर जाते, साधारण दोन बोटे. १९९८ साली नागानोला स्त्रियांच्या एकेरीत चार फेऱ्या मिळून तीन मिनिटांहून अधिक वेळ घसरल्यानंतर सिल्के क्राउसहार हिने आपलीच सहकारी बार्बरा नीडरनहुबर हिला २ हजारांश सेकंदांनी मागे टाकले. चार बोटांचा फरक. यात नशिबाचा अंश असेल हे मी मान्य करतो, परंतु चार बोटांच्या आत येण्यासाठी लागणारे कौशल्य नशिबाने येत नाही.

मोजणीपेक्षा मला या खेळातली दुसरी तपासणी रोचक वाटते, ती पोलादी पात्यांच्या तापमानाची. पाते गरम असले की त्याखाली बर्फ किंचित वितळतो, पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि घर्षण कमी होते. म्हणून शर्यतीपूर्वी पात्यांचे तापमान मोजतात आणि ते ठरलेल्या मर्यादेबाहेर असेल तर खेळाडू बाद होतो. १९६८ साली ग्रेनोबलच्या ऑलिम्पिकमध्ये पूर्व जर्मनीच्या तीन स्त्रिया पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर असताना पाती तापवल्याच्या कारणावरून बाद ठरवल्या गेल्या, आणि सुवर्ण इटलीच्या एरिका लेखनर हिला मिळाले. मांज्याला काच किती लावावी यावरून आपल्याकडे होणारी भांडणे मला यावरून आठवली, पण ते विषयांतर होईल.


सुरसागरकाठची
२० जानेवारी २०२६, दुपारी ४.००

स्त्रियांविषयीचा प्रश्न वर तसाच राहिला आहे, म्हणून लिहिते. स्त्रियांची एकेरी शर्यत १९६४ पासून आहे. दुहेरीची गोष्ट विचित्र आहे: नियमाने ती केवळ पुरुषांची नव्हती, परंतु प्रत्यक्षात पुरुषांच्याच जोड्या उतरत असत. ज्याला मनाई नाही आणि जागाही नाही, असे दार आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. २०१९ च्या डिसेंबरमध्ये कॅनडाच्या केटलिन नॅश आणि नताली कॉर्लेस या दोन मुलींनी व्हिसलरच्या विश्वचषक शर्यतीत पुरुषांच्या जोड्यांबरोबर भाग घेतला, तेव्हा विश्वचषकात फक्त स्त्रियांची जोडी प्रथमच दिसली. आता स्त्रियांची स्वतंत्र दुहेरी सुरू झाली असून येत्या फेब्रुवारीत कोर्तिनाला ती ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच खेळली जाणार आहे. सांघिक रिलेतही त्यामुळे बदल झाला आहे: पूर्वी तीन स्लेड उतरत, आता चार उतरतील, आणि चौथी स्त्रियांच्या जोडीची असेल.

भारताचा उल्लेख कुणीच केला नाही, म्हणून तोही करते. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा शिवा केशवन वयाच्या सोळाव्या वर्षी १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये ल्यूजच्या एकेरीत उतरला आणि २०१८ पर्यंत सलग सहा हिवाळी ऑलिम्पिक खेळला. देशात बर्फाचा कृत्रिम ट्रॅक नसल्यामुळे तो स्लेडला चाके लावून हिमालयातल्या घाटरस्त्यांवर, ट्रक आणि मेंढ्यांच्या मधून सराव करत असे. एकट्याने करायच्या खेळाची ही स्थिती असताना दुहेरीसाठी त्याच तयारीचा दुसरा माणूस कुठून आणणार, हे आपणच पाहा.


रावपुऱ्याची_सून
२० जानेवारी २०२६, रात्री ९.१५

आज जेवणानंतर नानांनी स्वतः ती शर्यत पुन्हा लावायला सांगितली. मुलाने वेग कमी करून दाखवली. दुसऱ्यांदा पाहताना प्रारंभाच्या वेळी वरच्याच्या कोपरामागून खालच्याचे हात खेचलेले मला स्पष्ट दिसले. पहिल्या वेळी मी ते पाहिलेच नव्हते, कारण मीही वरच्याकडेच पाहत होते. नानांनी ते चार वेळा मागे घ्यायला लावले आणि "हं" एवढेच म्हणाले. आमच्याकडे याला मोठी कबुली समजतात.

त्यांची एक शेवटची शंका आहे. सांघिक रिलेत एक स्लेड खाली पोहोचल्यावर खेळाडू वर टांगलेल्या पाटीला हात मारतो, मग वर पुढच्या स्लेडचे फाटक उघडते, असे मुलाने त्यांना सांगितले. दुहेरीची जोडी असेल तेव्हा ती पाटी कोण मारतो?


कारेलीबाग_ते_डॉर्टमुंड
२० जानेवारी २०२६, रात्री ९.५०

अंतिम रेषा ओलांडल्यावर जोडी उठून बसते तेव्हा पुढे असतो तो वरचा, त्यामुळे हात त्याचाच लागतो. हे नानांना सांगायचे की नाही, ते माईंना विचारून ठरवावे.